हरलेला माणूस पुन्हा रिंगमध्ये: अर्नेस्टो होस्ट आणि ७ डिसेंबर २००२

प्रकरण कशाबद्दल आहे

७ डिसेंबर २००२ या एकाच तारखेखाली अर्नेस्टो होस्ट या डच हेवीवेट किकबॉक्सरच्या नावावर तीन निकाल नोंदलेले आहेत: एक पराभव आणि दोन विजय. पराभव आधीचा आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिलीच लढत हरलेला हा माणूस त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये के-वन वर्ल्ड ग्रां प्री या किकबॉक्सिंग स्पर्धेचा विजेता ठरला. हे त्याचे चौथे विजेतेपद होते आणि तोवर चार वेळा ही स्पर्धा कोणीही जिंकलेली नव्हती.

प्रकरण अभ्यासात माणसाचे नाव झाकण्याची पद्धत आहे आणि एरवी ती पाळलीच पाहिजे. परंतु ज्या लढती टोकियो डोम भरून लोकांनी पाहिल्या आणि ज्यांचे निकाल खेळाच्या इतिहासाचा भाग झाले आहेत, त्यांतल्या खेळाडूला ‘अ’ किंवा ‘ब’ म्हणण्यात काही राखले जात नाही. म्हणून नावे खरी ठेवली आहेत आणि मांडणी जाहीर निकालांपुरतीच केली आहे.

या रात्रीची गोष्ट बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मुलांना शिकवणारे प्रशिक्षकही ती तशीच सांगतात, आणि मला खटकते ते हेच. त्या रात्रीचा निकाल होस्टच्या बाजूने लागला, म्हणून त्या रात्री घेतलेले निर्णय बरोबर होते असे आपोआप ठरत नाही. निकाल आणि निर्णय या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि त्यांची गल्लत कशी होते हे दाखवायला होस्टची कारकीर्द फार उपयोगी पडते, कारण ‘पुन्हा रिंगमध्ये जायचे की नाही’ हा एकच प्रश्न तिच्यात चार निरनिराळ्या रूपांत येतो आणि चारही वेळा उत्तर वेगळ्या कारणाने दिले जाते.

पार्श्वभूमी

होस्टचा जन्म ११ जुलै १९६५ रोजी उत्तर हॉलंडमधील हेम्सकर्क येथे सुरीनामी वंशाच्या कुटुंबात झाला. अ‍ॅमस्टरडॅममधील योहान व्होस यांच्या जिममध्ये तो घडला. डच किकबॉक्सिंगला तोवर स्वतःचे वळण आलेले होते. जपानमध्ये केन्जी कुरोसाकी यांच्याकडे शिकून परतलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेजिरो जिम सुरू केले. तिथून आणि तिच्या आसपासच्या जिममधून जी पद्धत रुळली तिचे सूत्र असे, की आधी हातांच्या ठोशांची साखळी सोडायची, त्यामुळे समोरच्याचे हात आणि डोळे वर गुंततात, आणि साखळीची शेवटची कडी म्हणून त्याच्या मांडीवर लो किक घालायची. होस्टने हे सूत्र इतके घोटले होते, की डाव्या हूकमागून (बाजूने वळवून मारलेल्या ठोशामागून) येणारी त्याची उजवी लो किक प्रतिस्पर्ध्याला आधीपासून ठाऊक असे आणि तरीही लागत असे. त्याला मिळालेले ‘मिस्टर परफेक्ट’ हे नाव या घोटलेपणाला उद्देशून होते.

लो किकबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. नडगीचे हाड मांडीच्या बाहेरच्या बाजूला आदळते तेव्हा तिथला मोठा स्नायू नडगी आणि मांडीचे हाड यांच्यामध्ये चिरडला जातो. स्नायूच्या आत रक्त साकळते आणि सूज चढते. लढत चालू असेपर्यंत शरीर तापलेले असल्यामुळे पाय कसाबसा साथ देतो, पण लढत संपवून माणूस खुर्चीवर बसला, की अर्ध्या तासात तोच पाय लाकडासारखा ताठरतो. एका रात्री एकच लढत असेल तर जिंकणाऱ्याला हे घरी जाऊन सोसता येते. तीन लढती असतील तर पहिल्या लढतीत खाल्लेली लाथ तिसऱ्या लढतीत वसूल होते.

के-वनची रचना नेमकी अशीच होती. सेइदोकाइकान कराटेचे काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. आठ खेळाडू, एक रात्र, तीन फेऱ्या. एका लढतीत तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, बरोबरी झाली तर जादा राउंड. जिंकलेला खेळाडू जखमी होऊन पुढे जाऊ शकला नाही, तर त्याची जागा राखीव लढतीतला (आठांबाहेरच्या खेळाडूंच्या वेगळ्या लढतीतला) विजेता किंवा त्याच्याकडून नुकताच हरलेला खेळाडू घेऊ शकत असे. प्रेक्षकांनी तिकीट काढलेले असते, दूरचित्रवाणीची वेळ ठरलेली असते, त्यामुळे उपांत्य फेरीतला एक कोपरा रिकामा ठेवणे आयोजकांना परवडणारे नसते. आयोजकाच्या बाजूने ही तरतूद समजण्यासारखी आहे. मात्र तिच्यामुळे असा खेळाडू पुन्हा रिंगमध्ये येऊ शकतो, ज्याची आधीची लढत त्याला मार सोसेना म्हणून थांबवली गेली असेल, हा तिचा दुसरा अर्थ नियम लिहिताना कोणी पुरेसा मनावर घेतला नसावा.

होस्ट मुळात हेवीवेट नव्हता. त्याची आधीची कारकीर्द ७९ किलोंच्या आसपासच्या गटातली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोतील योयोगी येथे झालेल्या पहिल्या ग्रां प्रीमध्ये त्याने पीटर आर्ट्सला गुणांवर हरवले, मॉरिस स्मिथला डोक्यावरच्या लाथेने झोपवले आणि अंतिम लढतीत ३८ वर्षांच्या क्रोएशियन ब्रँको चिकाटिचच्या एका ठोशाने पहिल्याच राउंडमध्ये स्वतः आडवा झाला. वजनदार लोकांत राहायचे की आपल्या गटात परतायचे, हा त्याच्यापुढचा पहिला मोठा प्रश्न होता. तो राहिला आणि हळूहळू अंगावर वजन चढवत गेला. १९९५ मध्ये आर्ट्सने आणि १९९६ मध्ये अँडी हूगने त्याला उपांत्य फेरीत थोड्या फरकाने अडवले. पहिले विजेतेपद मिळायला १९९७ उजाडले. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि अंतिम लढतीत समोर हूगच होता. त्यानंतर १९९९ मध्ये मिर्को फिलिपोविचला आणि २००० मध्ये रे सेफोला अंतिम लढतीत हरवून त्याची तीन विजेतेपदे झाली.

२००१ सालाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. त्या वर्षीच्या अंतिम स्पर्धेत होस्टने जर्मनीच्या स्टेफन लेकोला हरवले, पण दुखापतीमुळे त्याला पुढे जाता आले नाही. त्याच्याकडून हरलेला लेको त्याच्या जागी उपांत्य फेरीत गेला आणि मार्क हंटने लेकोला हरवून पुढे स्पर्धा जिंकली. म्हणजे बदली खेळाडूच्या नियमाची झळ होस्टने आधी सोसलेली होती. जिंकूनही जागा सोडणे कसे असते हे त्याने पाहिले होते, आणि एका वर्षाने तोच नियम उलट बाजूने त्याच्याकडे आला.

प्रश्न

२००२ मध्ये के-वनमध्ये बॉब सॅप आला. सॅप अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता आणि वजन दीडशे किलोंच्या बरेच पुढचे. त्याला किकबॉक्सिंगची घडण जवळजवळ नव्हती, पण काही महिन्यांत तो जपानी दूरचित्रवाणीवरचा आणि जाहिरातींतला सर्वांत ओळखीचा परदेशी चेहरा झाला. होस्टचे वजन जेमतेम शंभर किलोंच्या पुढे होते. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात जोड लावताना वस्ताद मंडळी वजन, वय आणि तयारी पाहतात, आणि जोड बेजोड वाटली तर प्रेक्षकच आवाज उठवतात. हेवीवेट किकबॉक्सिंगमध्ये वरच्या वजनाला मर्यादाच नसल्यामुळे कागदावर ही जोड नियमात बसत होती.

५ ऑक्टोबर २००२ रोजी साइतामा येथील निवड फेरीत दोघे समोरासमोर आले. सॅपची पद्धत सरळ होती: घंटा होताच धावून जायचे, प्रतिस्पर्ध्याला दोरांवर रेटायचे आणि थांबेपर्यंत ठोसे मारायचे. होस्टच्या खेळाला मधले अंतर लागते आणि लय लागते, आणि ती लय तेव्हाच जमते जेव्हा समोरचा माणूस ठोसा येताना दिसला की हात वर घेतो. सॅप हात वर घेतच नव्हता. पहिल्याच राउंडमध्ये डॉक्टरांनी लढत थांबवली आणि तीन वेळचा विजेता स्पर्धेबाहेर गेला.

पुढे सेमी शिल्ट हा पात्र ठरलेला २१२ सेंटीमीटर उंचीचा डच खेळाडू दुखापतीमुळे अंतिम स्पर्धेतून बाहेर पडला आणि त्याची जागा होस्टकडे आली. त्या जागेसमोर पुन्हा सॅपच उभा होता. होस्टचे वय ३७ होते आणि दोन लढतींमध्ये अंतर होते नऊ आठवड्यांचे.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय शिल्टची जागा घेण्याबद्दलचा होता. नाकारण्याच्या बाजूने भक्कम कारणे होती. डॉक्टरांनी थांबवलेली लढत होऊन फार दिवस झाले नव्हते, खेळाडूच्या शैलीला नेमका न जुळणारा तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर येत होता, आणि तीन विजेतेपदे नावावर असलेल्या माणसाला काही सिद्ध करायचे राहिले नव्हते. स्वीकारण्याच्या बाजूला एक कारण भावनेचे होते आणि एक व्यवहाराचे. पहिल्या पराभवाची सल तर होतीच. शिवाय सदतिसाव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणे म्हणजे कदाचित कायमचे नाही म्हणणे, हे प्रत्येक खेळाडूला कळते.

यात एक तिसरा पर्यायही होता, ज्याची चर्चा कमी होते: जागा घ्यायची, पण सॅपशी ऑक्टोबरमधली लढत पुन्हा खेळायची नाही. धावत येणाऱ्या जड माणसासमोर मागे सरळ रेषेत न सरकता बाजूला वळणे, त्याला रिंगभर चालायला लावणे आणि पुढच्या पायावर लाथा घालून त्याच्या वजनाचेच ओझे त्याच्यावर टाकणे, ही आखणी होस्टच्या हातातल्या हत्यारांत बसणारी होती. दीडशेहून अधिक किलोंचे शरीर पूर्ण वेगात फार मिनिटे चालत नाही. मार्च २००३ मध्ये मिर्को फिलिपोविचने सॅपला पहिल्याच राउंडमध्ये संपवले, आणि त्या लढतीत सॅपच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. सॅपसमोर अंतर राखून नेमका फटका मारणारा माणूस काय करू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसले.

दुसरा निर्णय रात्रीच्या मध्यावर आला. तो पहिल्याहून फार अवघड होता, आणि त्यासाठी नऊ आठवडे मिळाले नाहीत, काही मिनिटेच मिळाली.

काय केले गेले

होस्टने जागा घेतली. ७ डिसेंबरला टोकियो डोममध्ये उपांत्यपूर्व लढतीत सॅपने त्याला पुन्हा गाठले आणि दुसऱ्या राउंडमध्ये लढत थांबवण्यात आली. दोन महिन्यांत दोन पराभव, दोन्ही मुदतीआधी, दोन्ही एकाच माणसाकडून.

मात्र ठोसे मारता मारता सॅपच्या हाताचे हाड मोडले होते आणि तो पुढची लढत खेळू शकत नव्हता. नियमाने जागा होस्टकडे आली. त्याने ती घेतली, आणि उपांत्य फेरीत त्याच्यासमोर न्यूझीलंडचा रे सेफो आला, ज्याला त्याने दोन वर्षांपूर्वी अंतिम लढतीत हरवले होते. सेफोच्या पायाच्या दुखापतीमुळे ती लढतही मुदतीआधीच थांबली. अंतिम लढतीत फ्रान्सचा जेरोम ले बॅनर होता. धिप्पाड आणि अंगावर येऊन ठोसे मारणारा हा खेळाडू त्या काळी अनेकांच्या मते स्पर्धेतला सर्वांत धोकादायक माणूस होता.

या अंतिम लढतीत होस्टच्या घोटलेपणाचा खरा नमुना पाहायला मिळाला. ले बॅनर हात आडवा धरून लाथा अडवत होता आणि होस्टने हात टाळण्याऐवजी त्या हातावरच लाथा घालणे चालू ठेवले. लाथ अडवली की गुण मिळत नाही, म्हणून बहुतेक खेळाडू दुसरी मोकळी जागा शोधतात. होस्टने अडवणाऱ्या हातालाच लक्ष्य केले. तिसऱ्या राउंडमध्ये ले बॅनरचा हात मोडला, तो उभा राहू शकेना आणि लढत थांबली. चौथे विजेतेपद होस्टच्या नावावर लागले.

परिणाम

नोंदीपुरते पाहिले तर परिणाम निर्विवाद आहे. चार विजेतेपदांचा हा आकडा पुढे फक्त सेमी शिल्टला गाठता आला, २००५, २००६, २००७ आणि २००९ मध्ये. होस्टने ज्याच्या रिकाम्या जागेवरून चौथा मान मिळवला, त्यानेच पुढे त्याच्या विक्रमाशी बरोबरी केली.

होस्टच्या शरीराचा हिशेब मात्र त्याच वर्षी मिटला नाही. २००३ ची ग्रां प्री आजारपणामुळे त्याला खेळता आली नाही. २००४ च्या अंतिम स्पर्धेत रेमी बोन्यास्कीने त्याला उपांत्यपूर्व फेरीत जादा राउंडमध्ये हरवले. पाचवे विजेतेपद मिळाले नाही.

निर्णयाच्या जागा

शिल्टची जागा घेण्याचा निर्णय धाडसी होता, पण मला तो अविचारी वाटत नाही. नऊ आठवडे हा काळ पुरेसा म्हणता येतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मुष्टियुद्धाचे नियामक मंडळ मार खाऊन थांबवलेल्या लढतीनंतर साधारण ३० दिवस आणि सरळ नॉकआउटनंतर साधारण ६० दिवस वा त्याहून अधिक सक्तीची विश्रांती देते. त्या मापाने पाहिले तरी होस्ट बसतो. माझा आक्षेप तयारीवर आहे. त्याच माणसासमोर दुसऱ्यांदा जाताना पहिल्या लढतीतून काय बदलले हे रिंगमध्ये दिसायला हवे होते आणि ते पुरेसे दिसले नाही. ज्याच्यावर आपल्या ठोशाचा धाक चालत नाही, त्याच्याशी ठोशांच्या टप्प्यात उभे राहायचे नाही, एवढी एकच गोष्ट कॉर्नरने, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याच्या बाजूने उभ्या असणाऱ्या प्रशिक्षकांनी, ऑक्टोबरनंतर ठरवायला हवी होती.

रात्रीच्या मध्यावरच्या निर्णयाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. तो घेताना खेळाडूचे शरीर फसवे बोलत असते. सॅपने होस्टच्या पायांना हात लावला नव्हता. त्याचा सगळा मार डोक्यावर आणि धडावर होता. म्हणजे उपांत्य फेरीतल्या इतरांच्या मांड्या ताठरत असताना होस्टचे पाय ताजे होते, आणि त्याचे मुख्य हत्यार पायांतच होते. चालून पाहिले, लाथ मारून पाहिली, सगळे व्यवस्थित. पाय बाहेरून तपासता येतात. डोके तसे तपासता येत नाही.

डोक्याला मार बसून लढत थांबली म्हणजे प्रत्येक वेळी मेंदूला धक्का बसलेला असतोच असे नाही. पंच कधी कधी खेळाडू उत्तर देत नाही म्हणूनही लढत थांबवतो. पण शंका असताना त्याच दिवशी पुन्हा खेळू न देणे हा नियम तेव्हा नवा राहिलेला नव्हता. नोव्हेंबर २००१ मध्ये व्हिएन्नात खेळांतील मेंदूच्या धक्क्यावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली होती. धक्क्याचे कोणतेही लक्षण दिसल्यास खेळाडूला त्या सामन्यात पुन्हा उतरवू नये, असे तिच्या निवेदनात सांगितले होते. आइस हॉकी आणि फुटबॉलमधल्या लोकांनी भरवलेली ही परिषद होती, हे खरे आहे. डोक्यावर मारणे हाच ज्या खेळाचा नियम आहे, त्या खेळात ही सूचना हॉकीहून आधी पोहोचायला हवी होती, हेही तितकेच खरे आहे. जपानमध्ये मुष्टियुद्धावर स्वतंत्र मंडळाची देखरेख असते. किकबॉक्सिंगवर तशी नव्हती. के-वनचे नियम के-वननेच केलेले होते, आणि लढती भरवणारा व लढत थांबवायची की चालू ठेवायची हे ठरवणारा एकच असला की शंकेचा फायदा कोणाला मिळतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

येथे २००१ शी तुलना उपयोगी पडते. त्या वर्षी शरीराने निर्णय घेऊन टाकला होता. जखमी पायावर उभे राहता येत नसेल तर धैर्याचा प्रश्नच उरत नाही, कॉर्नरला कठोर व्हावे लागत नाही आणि आयोजकालाही समजूत घालावी लागत नाही. २००२ मध्ये शरीराने असा कौल दिला नव्हता, म्हणून कोणीतरी माणसाने तो द्यायला हवा होता. खेळाडूकडून ती अपेक्षा करणे चूक आहे. नुकताच हरलेल्या सदतीस वर्षांच्या विजेत्याला ‘अजून एक संधी आहे, जातोस का’ असे विचारले तर तो काय म्हणेल हे कोणीही सांगू शकेल, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो विचारणे याला संमती घेणे म्हणत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

नियमात एका वाक्याची भर पुरेशी होती: मुदतीआधी थांबवलेल्या लढतीत हरलेल्या खेळाडूला त्या रात्री बदली म्हणून घेता येणार नाही, जागा राखीव लढतीतल्या विजेत्याकडे जाईल. गुणांवर हरलेला खेळाडू परत येऊ शकतो, मार सोसेना म्हणून थांबवलेला येऊ शकत नाही. हा फरक पाळल्याने स्पर्धेचे काही बिघडले नसते. राखीव लढतीतून आलेला खेळाडूही स्पर्धेत रंग भरू शकतो. २००६ मध्ये पीटर आर्ट्स राखीव म्हणून आत आला आणि थेट अंतिम लढतीपर्यंत गेला. हा नियम असता तर चौथे विजेतेपद झाले नसते, हे मला मान्य आहे. चांगल्या नियमाची किंमत कधी कधी एका अजरामर रात्रीएवढी असते.

कॉर्नरसाठी याहून साधी गोष्ट होती. कोणत्या स्थितीत आपण थांबायचे हे लढतीच्या आदल्या आठवड्यात, शांत डोक्याने ठरवावे आणि त्या रात्री फक्त ते पाळावे. आमच्याकडच्या तालमीतही हेच शहाणपण आहे. मैदानावर पोहोचल्यावर पैलवानाच्या तोंडाकडे पाहून जोड बदलणारा वस्ताद फार काळ वस्ताद राहत नाही.

निवृत्ती

डिसेंबर २००२ चा निर्णय परिस्थितीने होस्टवर टाकला. निवृत्तीचा निर्णय त्याने स्वतः आखला. मे २००६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर त्याची लढत बॉब सॅपशीच ठरली होती. जुना हिशेब पुरा करायची ही शेवटची वेळ होती, पण कराराच्या वादावरून सॅप रिंगमध्ये आलाच नाही. ऐनवेळी कोणतीही तयारी नसताना पीटर आर्ट्स त्याच्या जागी उभा राहिला. बदली खेळाडूच्या जोरावर विजेता झालेल्या माणसाला घरच्या मैदानावर बदली प्रतिस्पर्धीच मिळाला, हा योगायोग मला नेहमी थोडा विनोदी वाटत आला आहे.

शेवट २ डिसेंबर २००६ रोजी टोकियो डोममध्ये झाला. एक्केचाळिसाव्या वर्षी होस्टने उपांत्यपूर्व लढत जिंकली आणि उपांत्य लढतीत तो सेमी शिल्टकडून गुणांवर हरला. २००२ मध्ये शिल्ट जखमी झाला म्हणून होस्टला दार उघडले होते. चार वर्षांनी त्याच शिल्टने ते बंद केले. पुढे शिल्टची स्वतःची कारकीर्द २०१३ मध्ये हृदयविकारामुळे वैद्यकीय सल्ल्याने थांबली, तीही ग्लोरी या किकबॉक्सिंग संस्थेची सोळा जणांची स्पर्धा जिंकल्यानंतर काही महिन्यांतच. आर्ट्स चाळिशीतही अंतिम लढतीपर्यंत पोहोचत राहिला. २०१० मध्ये त्याने उपांत्य फेरीत शिल्टला हरवले आणि नंतर अंतिम लढतीत अ‍ॅलिस्टर ओव्हरीमने त्याला पहिल्या राउंडमध्ये संपवले. एकाच पिढीतल्या तीन डच विजेत्यांपैकी एकाने तारीख ठरवून निरोप घेतला, एकाला डॉक्टरांनी थांबवले आणि एकाने थांबायचे नाव घेतले नाही.

तारीख ठरवणाऱ्या होस्टलाही ती पूर्णपणे पाळता आली नाही. २०१४ मध्ये तो जपानमध्ये आर्ट्सशी पुन्हा लढला आणि गुणांवर जिंकला. हे परतणे मला २००२ च्या परतण्याइतके चिंतेचे वाटत नाही: अंतर वर्षांचे होते, प्रतिस्पर्धी समवयस्क आणि ओळखीचा होता, आणि लढत एकच होती.

ले बॅनरची बाजू

या प्रकरणाच्या बहुतेक कथनांत जेरोम ले बॅनर हा शेवटचा अडथळा म्हणून येतो आणि तिथेच सोडून दिला जातो. नियमाचा विचार करताना त्याला मध्यभागी आणावे लागते. तो त्या रात्री अंतिम लढतीपर्यंत एकही लढत हरला नव्हता. त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस त्याच रात्री हरलेला होता, आणि रात्रीत तीन लढती खेळूनही होस्टचे पाय ताजे होते, कारण त्याला हरवणाऱ्याने पायांना स्पर्श केला नव्हता आणि उपांत्य लढत दुखापतीने लवकर संपली होती. लाथा अडवण्यासाठी ले बॅनरने जो हात पुढे केला, तो मोडला.

ले बॅनर १९९५ मध्ये अंतिम लढत हरला होता आणि २००२ मध्ये पुन्हा हरला. के-वन ग्रां प्री त्याला कधीच जिंकता आली नाही.